रक्तातला बावटा

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर सकाळी ज्याला त्याला घाई असते. बर्फ फोडणाऱ्याला, टोपल्या ओढणाऱ्या बायांना, लिलाव पुकारणाऱ्याला, डिझेल भरून परत बाहेर पडू बघणाऱ्या तांडेलाला. ही सगळी घाई एका वाक्यानं थांबते. 'तीन नंबरचा बावटा लागला.' वारा अजून पडलेलाच असतो, बंदरातलं पाणी तळ्यासारखं निवांत दिसत असतं, तरी नांगराकडे गेलेला हात मागे येतो.

बावटा म्हणायचं ते सवयीनं. बंदरावरच्या काठीवर दिवसा टांगतात त्या शंकू-नळकांड्यांच्या खुणा, आणि रात्री लावतात ते तांबडे-पांढरे दिवे. १८६४ साली कलकत्त्याला चक्रीवादळानं झोडपून काढलं, त्यानंतर १८६५ मध्ये तिथल्या बंदरात वादळाचा इशारा देण्याची सोय झाली. १८८० मध्ये ती पश्चिम किनाऱ्यावर आली, तेव्हा पहिल्या मोजक्या बंदरांत मुंबई आणि वेंगुर्ल्याच्या जोडीला रत्नागिरी होतं. आज इशाऱ्यांचे नंबर एकपासून अकरापर्यंत आहेत. तीन म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पुढे टप्प्याटप्प्यानं धोका चढतो आणि आठ ते दहा या नंबरांवर तो कळसाला पोचतो. अकरावा मात्र वेगळ्या जातीचा. त्याचा अर्थ, हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे, पुढचं आम्हाला कळायला मार्ग नाही.

बावट्याला कुठली होडी बुडेल हे ठाऊक नसतं. तो फक्त समुद्राचा रंग सांगतो. ही गोष्ट जेटीवरच्या पोरालाही कळते. पण असाच एक बावटा माणसाच्या रक्तात लागतो, तेव्हा तो कसा वाचायचा हे भल्याभल्यांना कळत नाही.

अन्ननलिकेचा कर्करोग झालेल्या माणसाची फाइल उघडली की दुर्बिणीचा रिपोर्ट, तुकड्याची तपासणी, स्कॅन अशा वजनदार कागदांच्या खाली एक पातळ कागद सापडतो. पांढऱ्या पेशी, ईएसआर, सीआरपी, अल्ब्युमिन. गल्लीतल्या लॅबमध्येही होणाऱ्या या तपासण्या. गेल्या पाव शतकात डॉक्टरांनी याच साध्या आकड्यांकडे नव्यानं बघायला सुरुवात केली आहे. शरीरात आग किती धुमसते आहे हे सांगणारे हे आकडे, त्यांवरून रोगी किती तग धरेल याचा अंदाज येतो असं दिसून आलं. ताप, न्यूमोनिया, क्षय, गरोदरपण अशा भलत्याच घरांत जन्मलेले हे आकडे कर्करोगाच्या दारात कसे पोचले, त्याची ही कुळकथा.

आग आणि कुर्ली

सुरुवात शब्दांपासून करावी लागते, कारण सगळा घोळ तिथूनच आहे. 'दाह' हा शब्द 'दह्' म्हणजे जळणे या धातूतून आला. इंग्रजीतल्या 'इन्फ्लमेशन'च्या पोटातही लॅटिनची ज्वाळाच आहे. ठेच लागलेला अंगठा बघून दोन्हीकडच्या माणसांना विस्तव आठवला. पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस यानं दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या : तांबडेपणा, सूज, उष्णता आणि ठणका. त्यातल्या सुजेसाठी त्यानं वापरलेला लॅटिन शब्द आहे 'ट्यूमर'. आज हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपण तो गाठीसाठी राखून ठेवला. सेल्ससच्या लेखी ती नुसती सूज होती. गाठ आणि दाह एकाच घरातली भावंडं, पुढे वेगळी निघाली.

आपल्याकडे सुश्रुतानं सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या : आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत आलेली आणि पिकलेली. प्रत्येकीचा रंग, स्पर्श, ठणका वेगळा. हा खटाटोप त्यानं शस्त्र कधी लावायचं हे ठरवण्यासाठी केला. कच्ची सूज अज्ञानानं चिरणारा आणि पिकलेली तशीच सोडून देणारा, दोघांनाही त्यानं एकाच पंक्तीला बसवून झोडपलं आहे. खूण ओळखायची ती पुढचं पाऊल ठरवण्यासाठी, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवू, शेवटी लागणार आहे.

'कर्करोग' हा शब्द मात्र उसना. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं, गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या म्हणून. आपण कर्क राशीतला खेकडा घेऊन त्याचा कर्करोग केला. आपल्या जुन्या वैद्यकातला शब्द 'अर्बुद'. मिरकरवाड्यात कुर्ल्या टोपलीभर विकल्या जातात, पण कर्करोगातली ती कुर्ली कुणाच्या ध्यानात येत नाही. बोलताना शब्द वापरला जातो 'कॅन्सर', तोही आवाज खाली आणून.

गाळ

मिरकरवाड्यात 'गाळ' हा तक्रारीचा शब्द आहे. बंदरात गाळ साचला की ओहोटीला बोटी रुततात आणि गाळ काढण्याच्या मागणीचे अर्ज निघतात. रक्तातल्या दाहाची पहिली मोजता येणारी खूणही गाळच निघाली.

युरोपात शेकडो वर्षं वैद्य रोग्याचं रक्त काढून वाडग्यात ठेवत. अंगात ताप, सूज असलेल्या माणसाच्या रक्तात तांबडा भाग झपाट्यानं तळाला जाई आणि वर पिवळट-पांढुरकी साय धरे. दाह असला की साय जाड येते हे त्यांना दिसत होतं, पण ती बिघडलेल्या कफाची, म्हणून अजून रक्त काढा, असा त्यांचा हिशेब. साय सगळ्यांनी पाहिली. तांबडा भाग किती वेगानं खाली बसतो हे घड्याळ लावून मोजावं, हे मात्र सुचायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं.

१८९७ मध्ये एडमुंड बिएर्नाट्स्की या पोलिश वैद्यानं ते मोजलं आणि रोगात हा वेग बदलतो असं लिहिलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९१८ मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबिन फोरेउस याला गरोदरपण लवकर ओळखण्याची चाचणी हवी होती. गरोदर बाईच्या रक्तातल्या पेशी भराभर खाली बसतात हे त्यानं पाहिलं आणि चाचणी सापडली असं त्याला वाटलं. मग इतर आजारांतल्या रक्तातही तेच दिसलं. चाचणी गेली, शोध राहिला. जुन्या वैद्यांची ती साय म्हणजे हाच गाळ बसण्याचा खेळ होता, हेही त्यानंच उलगडून दाखवलं. १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेननं क्षयरोग्यांवर हीच पद्धत वापरली आणि आजची उभी नळी रूढ झाली.

लॅबमध्ये कधी ही नळी बघायला मिळाली तर थांबून बघावं. बारीक, उभी, दोनशे मिलिमीटरच्या खुणा असलेली काचेची नळी. न गोठणारं रक्त वरपर्यंत भरलेलं. तंत्रज्ञ घड्याळ लावून दुसऱ्या कामाला लागतो. तासाभरात तांबडा स्तंभ खाली सरकतो आणि वर गव्हाच्या रंगाचं स्वच्छ पाणी उरतं. ते किती मिलिमीटर, तोच ईएसआर. दाहात रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, त्यांमुळे तांबड्या पेशी एकमेकींना नाण्यांच्या चवडीसारख्या चिकटतात. चवड जड, म्हणून लवकर बुडते. खाडीत बारीक माती तरंगत राहते आणि ढेकूळ तळाला जातं, तसंच.

या चाचणीचा गुण आणि दोष एकच. आग आहे एवढं ती सांगते, कुठल्या खोलीत आहे ते सांगत नाही. क्षय, संधिवात, रक्तक्षय, गरोदरपण, कर्करोग, आणि निव्वळ उतारवयसुद्धा, सगळ्यांना एकच उत्तर. पुढच्या प्रत्येक चाचणीत हा स्वभाव उतरला आहे.

शंभर पेशी

दुसरी शाखा सुरू होते रंगांच्या कारखान्यांतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत कापड रंगवायचे कृत्रिम रंग धडाक्यानं तयार होऊ लागले. तरुण पाउल एर्लिखनं ते कापडाऐवजी रक्तावर टाकले. १८७९ च्या सुमारास त्याला पांढऱ्या पेशींत जाती दिसल्या. आम्ल रंग घेणाऱ्या, अल्कली रंग घेणाऱ्या, आणि मधल्या उदासीन रंगाला भाव देणाऱ्या. या शेवटच्या म्हणजे न्यूट्रोफिल. आजही आपल्याकडच्या लॅबमध्ये काचपट्टीवर रक्त पसरून ओततात ती 'लीशमन'ची शाई १९०१ मधली, हिंदुस्थानात नोकरी करून गेलेल्या विल्यम लीशमन या ब्रिटिश लष्करी डॉक्टरची.

मोजणं साधं. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि कुठल्या किती ते मांडायचं. साठ न्यूट्रोफिल, तीस लिंफोसाइट, उरलेल्या इतर. आता यंत्र करतं, पण कागदावर उमटतं तेच. न्यूट्रोफिल म्हणजे आग लागली की पहिल्यांदा धावणारी फौज. लिंफोसाइट म्हणजे शत्रू ओळखून, लक्षात ठेवून लढणारी. शरीर तणावात गेलं की पहिल्या वाढतात आणि दुसऱ्या घटतात. २००१ मध्ये स्लोव्हाकियातल्या झाहोरेत्स या डॉक्टरनं अतिदक्षता विभागातल्या रोग्यांत या दोन आकड्यांचा साधा भागाकार करून पाहिला. वरच्या उदाहरणात साठ भागिले तीस, म्हणजे दोन. रोगी जितका खोल गर्तेत, तितका भागाकार मोठा. नवी सुई नको, नवा खर्च नको. आधीच हातात असलेल्या कागदावरचे दोन आकडे आणि चौथीतलं गणित.

पांढऱ्या पेशींचं कर्करोगाशी नातं त्याच्या कितीतरी आधी एकानं पाहिलं होतं. १८६३ मध्ये रुडॉल्फ विर्शोला गाठींच्या तुकड्यांत पांढऱ्या पेशी सापडल्या. सतत चिडवल्या जाणाऱ्या, दाह होणाऱ्या जागी कर्करोग उगवतो, असा त्यानं तर्क केला. पुढे हा विचार शंभरेक वर्षं अडगळीत पडला. १९८६ मध्ये हॅरल्ड द्वोराक यांनी गाठीला 'भरून न येणारी जखम' म्हटलं, आणि २००१ मध्ये बाल्कविल आणि मांटोवानी यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारलं, आपण विर्शोकडे परत चाललो आहोत का? सेल्ससच्या घरातून वेगळी निघालेली भावंडं पुन्हा भेटली ती अशी.

सी नावाचा तुकडा

आता कुळातला सर्वांत प्रसिद्ध वारस. २०२०-२१ च्या करोनाच्या लाटेत ज्यांनी कधी विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं, त्यांच्याही तोंडी 'सीआरपी वाढलंय' हे वाक्य आलं. त्यातला 'सी' कुठला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

१९३० साल, न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट, ऑस्वाल्ड एव्हरी यांची प्रयोगशाळा. प्रतिजैविकं अजून यायची होती आणि न्यूमोनिया म्हणजे जुगार होता. आठवडाभर ताप चढत राहायचा, मग एका रात्री घाम फुटून उतरायचा किंवा माणूस जायचा. त्या घडीला वैद्यकात 'क्रायसिस' म्हणत. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूचे तुकडे वेगळे करून रोग्यांच्या रक्तजलात मिसळून पाहत होते. 'सी' असं नाव दिलेला एक तुकडा घातला की तापानं फणफणलेल्या रोग्याचं रक्तजल गढूळ होई. निरोगी माणसाचं होत नसे. रोगी त्या घडीतून वाचला, की काही दिवसांतच त्याच्याही रक्तातून हा गुण नाहीसा होई. ही प्रतिपिंडांची उलटी रीत होती, कारण प्रतिपिंडं बरं झाल्यावर वाढतात.

हे रसायन जंतूच्या विरोधातलं खास हत्यार नव्हतं. दुसऱ्या जंतूंच्या आजारातही, संधिवाताच्या तापातही ते दिसलं. शरीराची ती सर्वसाधारण आरोळी होती. 'सी' तुकड्याला प्रतिसाद देणारं म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९४१ मध्ये याच प्रयोगशाळेत, एव्हरी आणि मॅक्लिऑड यांच्या कामातून, ते प्रथिन असल्याचं सिद्ध झालं, १९४७ मध्ये मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्याचे स्फटिक केले. एव्हरी, मॅक्लिऑड, मॅकार्टी ही नावं वाचकाला ओळखीची वाटत असतील, तर ते बरोबर आहे. आनुवंशिकतेचा मजकूर डीएनएत असतो हे १९४४ मध्ये दाखवणारी तीच ही त्रयी. एकाच न्यूमोनियाच्या जंतूनं त्यांच्या हाती दोन्ही दिलं.

पुढे कळलं की सीआरपी यकृतात तयार होतं. पाच सारख्या पाकळ्यांचं, फुलासारखं प्रथिन. मेलेल्या पेशींना, जंतूंच्या पृष्ठभागाला चिकटून 'हे उचला' अशी खूण करणं हे त्याचं काम. यकृताला निरोप पोचवणारा मुख्य दूत म्हणजे इंटरल्युकिन-६, ज्याचं जनुक १९८६ मध्ये जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो यांच्या गटानं वेगळं केलं. निरोप आला की काही तासांत सीआरपी वाढायला लागतं, दोनएक दिवसांत शिखर गाठतं. आग विझली की साधारण १९ तासांनी निम्मं होत उतरतं. म्हणून ते ईएसआरपेक्षा चपळ. ईएसआर गाळ, सीआरपी भरतीचं पाणी.

हा कारखाना जुना आहे. माणसाआधी कितीतरी कोटी वर्षांपासून माशांच्या अंगातही याच घराण्यातली प्रथिनं आहेत. जेटीवर बर्फात पडलेल्या बांगड्याचे आणि आपले पूर्वज एकाच शाळेत आग विझवायला शिकले.

घास

आता अन्ननलिकेकडे. घशापासून जठरापर्यंत जाणारी, जेमतेम पाऊण फूट लांबीची ही नळी. तिला दुखणं कळतं उशिरा, कारण ती लवचिक आहे. आतला रस्ता बराच अरुंद होईस्तोवर ती कुरकुरत नाही. मग घरात जेवताना पहिली शंका येते. आधी भाकरी अडकते, तिच्यावर पाणी प्यावं लागतं. मग भाकरी बंद होऊन भात सुरू होतो. मग भात अडकतो, आणि पेज. कोकणातल्या घरात पेज म्हणजे आजाऱ्याचं अन्न, तेव्हा कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळतं. शेवटी थुंकीही उतरत नाही. गळ्याचा घेर कमी होतो, बंडी खांद्यावर लोंबायला लागते.

आपल्याकडे आढळणारा या नळीचा कर्करोग बहुतांशी खवल्यांसारख्या चपट्या पेशींचा, आणि त्याचं तंबाखू-दारूशी जुनं सख्य. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर, आडनावातच वेंगुर्ल्याजवळची खानोली घेऊन आलेले. त्यांनी संघवी आणि राव यांच्यासह १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंड-घशाकडच्या, अन्नमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगाचा संबंध मांडला. १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. कुठल्या वस्तीत कुणाला कुठला कर्करोग होतो हे आपल्याकडे लोकवस्तीच्या हिशेबानं मोजलं जाऊ लागलं ते तेव्हापासून. आज डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात टाटाच्या साथीनं रत्नागिरी जिल्ह्याची नोंदणी चालते.

विडी, तंबाखू-चुना, आणि दात घासण्याच्या निमित्तानं भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावणाऱ्या बाया. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, ती 'सवय' असते. रोज त्याच जागी चटका बसतो, त्याच जागी पांढऱ्या पेशी धावतात, जखम भरायच्या आत पुन्हा चटका. विर्शोचा १८६३ चा तर्क समजावून सांगायला मशेरीच्या डबीपेक्षा वेगळं उदाहरण नको. उकळता चहा घशाखाली ओतणंही निर्दोष नाही. ६५ अंशांपेक्षा कढत पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असा निवाडा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ मध्ये दिला.

गाठ तयार झाली की ती आणि तिच्या भोवतालच्या पेशी इंटरल्युकिन सोडतात. निरोप यकृतात पोचतो. यकृत सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं उत्पादन हात आखडून करतं. त्यात घास उतरत नाही, म्हणजे कच्चा मालही कमी. रुग्णाचे स्नायू वितळायला लागतात, खाल्लेलंही अंगी लागत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगात हे आकडे इतके बोलके का, याचं उत्तर इथं आहे. आग आणि उपासमार दोन्ही एकाच वेळी, एकाच नळीतून आत शिरतात.

२००१ मध्ये जपानच्या नोझोए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेआधी ज्यांचं सीआरपी चढलेलं, त्यांचं पुढचं आयुष्य तुलनेनं तोकडं. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये डोनल्ड मॅकमिलन यांच्या गटानं फुप्फुसाच्या कर्करोगावर काम करताना दोन जुने आकडे एकत्र बांधून गुणपत्रिका बनवली. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर, तर एक गुण. अल्ब्युमिन लिटरला ३५ ग्रॅमच्या खाली, म्हणजे आपल्या रिपोर्टच्या भाषेत ३.५ च्या खाली, तर आणखी एक. शून्य, एक, दोन. शाळेच्या उलट, इथं शून्य मिळवणारा पहिला. पुढे सुधारलेल्या पद्धतीत सीआरपी चढल्याशिवाय नुसत्या कमी अल्ब्युमिनला गुण देणं बंद झालं. २००६ मध्ये त्याच शहरातून अन्ननलिका-जठराच्या कर्करोगावर तसाच निष्कर्ष आला, आणि त्यानंतर चीन-जपानमधून, जिथे हा कर्करोग फार, अशा अभ्यासांची रांग लागली. गाठीची पायरी तीच, शस्त्रक्रिया तीच, तरी दोन रोग्यांची वाट वेगळी का जाते, याचं थोडंसं उत्तर मिळालं. पायरी गाठीबद्दल बोलते. हे आकडे गाठ ज्याच्या अंगात आहे त्याच्याबद्दल बोलतात.

अकरावा नंबर

बावटा लागल्यावर करायच्या चुका दोन. पहिली, बावट्यालाच वादळ समजणं. सीआरपी कमी करणारं काही घेतलं की रोग हटला, असं होत नाही. काठीवरचे शंकू उतरवून समुद्र शांत होत नसतो.

दुसरी चूक जास्त दुखरी. गटाचा आकडा एका माणसाच्या कपाळावर चिकटवणं. 'सीआरपी वाढलेल्यांतले कमी जगले' हे शेकडो माणसांचं वाक्य आहे. तुमच्या वडिलांचं नाव त्यात नाही. शिवाय आकडा चढायला कर्करोगच लागतो असं नाही. किडलेली दाढ, लघवीचा संसर्ग, जुना क्षय, हे सगळे तोच बावटा लावतात. घशातून श्वासनळीत उतरलेल्या पेजेच्या थेंबानं छातीत झालेला संसर्गही लावतो, आणि अन्ननलिकेच्या रोग्यात ते नेहमीचं. न्यूट्रोफिल-लिंफोसाइटच्या भागाकाराची लक्ष्मणरेषा तर अभ्यासागणिक सरकते, कुठे दोन, कुठे पाच. एक साधा खड्डा आणखी : काही लॅब सीआरपी लिटरमागे देतात, काही शंभर मिलिलिटरमागे. एकीकडचा १०, दुसरीकडचा १. दोन रिपोर्टांची तुलना करण्याआधी आकड्याच्या शेजारचं बारीक अक्षर वाचावं.

बंदराच्या पद्धतीत अकरावा नंबर आहे, 'आम्हाला कळायला मार्ग नाही' असं सांगायला. लॅबच्या कागदावर तो नाही. तो नंबर डॉक्टरला तोंडानं सांगावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला ऐकून घ्यावा लागतो.

मग या खुणेचा उपयोग काय? सुश्रुताला जो वाटत होता तोच. पुढचं पाऊल. अल्ब्युमिन घसरलेलं दिसलं, तर उपचार सुरू होण्याआधी पोटात किंवा आतड्यात नळी घालून अन्न पोचवायचं का, बंद झालेल्या जागी जाळीची नळी बसवायची का, हे ठरवता येतं. सीआरपी अनपेक्षित उसळलं तर छातीतला लपलेला संसर्ग शोधता येतो. शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा भाग काढून जठर वर ओढून जोडलं जातं. त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी सीआरपी उतरत गेलं, तर जोड गळत नसल्याची बऱ्यापैकी खात्री पटते. उतरायचं सोडून चढलं, तर डॉक्टर जोडाकडे वळतात. आयुष्य खरोखर लांबवतात ते उपचार. नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटात निम्मे रुग्ण दोन वर्षं जगले, आधी औषध आणि किरणांची जोड दिलेल्या गटात चार वर्षांहून अधिक. एवढा कठीण उपचार सोसायला अंगात बळ हवं, आणि ते आहे का, याचा थोडा अंदाज त्या पातळ कागदावरून येतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. काही दिवस आधीपासून इशारे होते. रत्नागिरीच्या समुद्रात नांगर टाकून उभं असलेलं 'बसरा स्टार' हे जहाज तरीही वाहत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच रुतून राहिलं. मिरकरवाड्याहून चालत जाऊन लोक ते बघत. इशारा सगळ्यांना सारखाच होता. नांगर मात्र प्रत्येकाचा आपापला असतो.

परळच्या वाटेवरची माणसं या जिल्ह्यातून रात्रीच्या गाडीनं जातात. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसल्यावर कुणीतरी पातळ कागद काढून तांबड्या अक्षरात छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवतं. आत गेल्यावर तोंडात आलेला प्रश्न असतो, 'किती दिवस?' तो प्रश्न चुकीचा नाही, माणसाचा आहे. त्याला लागूनच दुसरा विचारावा : 'या आकड्यावरून आता आम्ही काय करायचं?' त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, कधी नळीचं, कधी अंड्याच्या पांढऱ्याचं, कधी दाढ काढायचं.

बावटा लागलेल्या दिवशी मिरकरवाड्यात कुणी आभाळाकडे बघत बसत नाही. दोर दुहेरी होतात, बोट बोटीला बांधली जाते, जाळी पसरून तुटलेले फासे विणले जातात. वादळ यायचं असेल तर येईल. तोवर संध्याकाळपर्यंत काम पुरतं.